आनंदवृक्षाची साल आणि स्तनाचा कर्करोग

चीनच्या दक्षिण भागात 'शी-शू', म्हणजे आनंदवृक्ष, नावाचे झाड आढळते. तिथल्या परंपरागत औषधांत त्याला स्थान आहे. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी (हे मूळचे आपल्या नंदुरबारचे!) यांनी त्यातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले.

डीएनएचा पीळ सोडवताना एक विकर त्याचा धागा कापते आणि पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन हे सांधणेच रोखते. धागा तुटलेला राहतो आणि विभाजन पावणारी पेशी मरते. मात्र निरोगी पेशीही मरतात. १९७०च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या झाल्या. पण मूत्राशयातील रक्तस्रावासारख्या त्रासांमुळे त्या सोडून द्याव्या लागल्या. द्रव्य नैसर्गिकच होते!

पुढे रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूत बदल केले. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या आजच्या औषधात याच कुळातला रेणू प्रतिपिंडाला जोडलेला असतो. प्रतिपिंड 'हर-२' प्रथिन असलेली पेशी हुडकते. रेणू तिच्यात शिरून काम करतो.

मग साल उकळून प्यायली तर? सालीतले द्रव्य ऋतूनुसार, झाडाच्या वयानुसार कमीजास्त होते. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

उपचारांसोबत घेतलेल्या वनस्पतींचा प्रश्न आम्हांला अधिक गंभीर वाटतो. इरिनोटेकॅन हे याच कुळातले औषध. २००२ साली नेदरलँड्समध्ये पाच रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, त्यासोबत सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवरची वनस्पती घेतल्यावर औषधाच्या क्रियाशील रूपाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. ही वनस्पती यकृतातील विकरे वाढवते. डॉक्टर चालू औषधे विचारतात, तेव्हा अशा गोळ्या सांगायच्या बहुधा राहूनच जातात.