शनिवार तेली

सोलापूर-विजापूरकडील पुष्कळ शेतकरी सोमवारीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. वार शिवाचा, बैल नंदीचा. त्यामुळें त्या दिवशींची विश्रांति धन्याच्या आधीं जनावराच्या वांट्याला येते. कोंकणांतील हिंदु तेल्यांचीहि रीत अशीच असल्यानें त्यांस सोमवार तेली म्हणत. त्याच भागांतले दुसरे कांहीं तेली शनिवारीं घाणा थांबवीत. शेजाऱ्यांनीं त्यांस शनिवार तेली हें नांव दिलें, आणि चौकशी तेथेंच संपली. हे लोक बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी.

सोलापूरच्या सुशिक्षित घरांत यहुदी माणूस बहुधा शेक्सपीअरच्या शायलॉकच्या रूपानें शिरतो, नाहीं तर महायुद्धाच्या आणि पॅलेस्टाइनच्या हकीकतींतून. शेजाऱ्याची ओळख त्याच्या घरीं न जातां कोर्टाच्या कागदांवरून करून घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार. घरीं जाण्याची वाट मात्र फार दूरची नाहीं. ती अलिबागेवरून जाते.

यहुद्यांचा साबाथ शुक्रवारीं सूर्यास्तास सुरू होतो आणि शनिवारीं रात्रीं तारे दिसूं लागले म्हणजे संपतो. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकीं ही एक. तींत यजमानाबरोबर दास, दासी, दारीं आलेला परका आणि गुरेंढोरें यांचाहि विसावा सांगितला आहे. त्याचें एक कारण असें दिलें आहे कीं, यहुदी लोक स्वतःच एके काळीं मिसर देशांत दास होते. घाण्याच्या बैलाची सुटी म्हणजे एका जुन्या गुलामगिरीची आठवण आहे.

पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि धर्मग्रंथ बुडाले, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. हिब्रू भाषाहि पुढें विसरली. उरलें तें साबाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ईश्वराचें एकत्व सांगणारें ‘शेमा’ हें वचन. सणांचीं मूळ नांवें गेलीं, पण सण राहिले. त्यांस घरानें आणि स्वयंपाकघरानें नवीं नांवें दिलीं. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. पापक्षालनाचा उपवास, योम किप्पूर, दारें लावून पाळीत, म्हणून तो ‘दरफाळणीचा सण’. यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा शोकदिन तो ‘बिरड्याचा सण’. वल्हांडणांत, मिसरमधील सुटकेच्या स्मरणार्थ, आंबवलेलें अन्न वर्ज्य असतें. आंबट कालवणाचें भांडें झांकून ठेवण्याचा तो ‘अनाशी ढाकाचा सण’. दावीद राहाबी नांवाच्या यहुद्यानें या लोकांची परीक्षा घेतली तीहि, म्हणतात, चुलीपाशींच. त्यानें आणविलेल्या मासळींतून बायकांनीं पंख व खवले नसलेली मासळी बाजूला काढली, आणि त्याची खात्री पटली. पंडितांच्या परीक्षा सहसा इतक्या सरळ नसतात.

हरवलेली विद्या परत आली ती मराठींतून, हें विशेष. डॉ. जॉन विल्सन या मिशनऱ्यानें १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहिलें. हेतु ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा होता. बेने इस्राएलांनीं व्याकरण घेतलें आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपुरकर यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें केलीं. १८७४ सालीं पुण्यास वल्हांडणाची पोथी, हागादा, हिब्रू व मराठींत छापली गेली. १८८० पासून तर मुंबईंत अब्राहामादि पूर्वजांचीं आख्यानें कीर्तनांतून, साकी-दिंडीच्या ओळखीच्या चालींत, रंगूं लागलीं. ज्या श्रोत्यानें हरदासाच्या तोंडून ध्रुवाचें आख्यान ऐकलें असेल, त्यास त्या मंडपांत परकें वाटण्याचें कारण नव्हतें.

ओळख नसल्याची किंमत या समाजाला स्वधर्मीयांतहि मोजावी लागली. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्राएल देशांत गेले. तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या विवाहांविषयीं शंका काढल्या. मोठी चळवळ झाली, आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें हे लोक सर्व दृष्टींनीं यहुदीच आहेत असें जाहीर केलें. त्याच देशांतून पुढें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकहि निघालें.

महाराष्ट्रांत आतां त्यांची वस्ती थोडी आहे. मुंबई, ठाणें, पुणें, रायगड येथें ती मुख्यतः आढळते. राज्य शासनानें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्यांच्या घरीं मंगल प्रसंगीं एलियाहू या संदेष्ट्याच्या नांवानें ‘मलिदा’ होतो. ताटांत गोड पोहे, ओलें खोबरें आणि फळें असतात. हिब्रू प्रार्थना झाली कीं तें जमलेल्या सर्वांस वाटतात.