दुसऱ्या वारीची वाट

आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर मी एकदा पंढरपूरला चालत गेलो. पुन्हा जायचं ठरलं तेव्हा या खेपेला कोणत्या वाटेने जावं, असं एका वीणेकरीबुवांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. “तुमच्या घरची दिंडी कोणती?” एवढंच ते म्हणाले. वारकऱ्याच्या घरात वाट माळेबरोबरच येते. निवडीचा पेच माझ्यासारख्या, कुठल्याच फडाचा नसलेल्या माणसाला पडतो.

सहज सुचणारी दुसरी वाट देहूची. दोन्ही पालख्या पुण्यात एकाच वेळी मुक्कामाला असतात आणि हडपसरला त्यांच्या वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटणकडे जातात. तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, यवत करीत, पुढे रोटी घाटातून बारामती, इंदापूर, अकलूजकडे. वाखरीला पुन्हा गाठ पडते.

मुळात हा सोहळा एकच होता. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. तीत तुकोबा आणि ज्ञानोबा या दोघांच्या पादुका असत. पुढे देहूकर घराण्यात मानपानाचे वाद झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी राहिलेले. म्हणूनच बहुधा या सोहळ्याला छावणीचं वळण आहे: रथाच्या पुढच्या नि मागच्या दिंड्यांचे क्रमांक, अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येणारे अश्व, चोपदारांचा वचक. संध्याकाळच्या समाजआरतीला दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदाराने इशारा केला की टाळ एकदम थांबतात. मग कुणाचं काय हरवलं, काय सापडलं, कुणाची काय तक्रार, हे पुकारलं जातं. मी ते बाहेर उभा राहून पाहिलं. पहिल्या खेपेला मी मोकाटच चाललो होतो; माझं काही हरवलं असतं तर ते पुकारायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या वारीची निवड मी या एका गोष्टीवरून करायला निघालो. किलोमीटर मोजून हाती काही लागत नाही; आळंदी काय, देहू काय, अंतर अडीचशेच्या आसपासच. आणि मोकाट चालणाऱ्याला दोन्हीकडे सारखीच गर्दी, सारखाच रुंद केलेला, सावली हरवलेला पालखी महामार्ग.

आपलं वाचनही याच पट्ट्यात अडकलेलं आहे. इरावती कर्वे यांचं ‘वाटचाल’ आणि दि. बा. मोकाशींची ‘पालखी’ (१९६४), दोन्ही आळंदीच्या वाटेवरची. एकाच वाटेवर चालूनही ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात, हे इरावतीबाईंना सलत राहिलं होतं. म्हणजे बाहेर राहण्याचा प्रश्न माझ्याआधीचा आणि माझ्याहून फार मोठा आहे. त्र्यंबकेश्वरहून निघणारे निवृत्तिनाथ, पैठणहून निघणारे एकनाथ, मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताई यांच्या वाटांवर मात्र शहरी लेखक क्वचितच चालला.

पैठणची वारी अडीच-तीन आठवड्यांची, नोकरदाराला जमण्याजोगी. मी बराच काळ तिच्याकडे झुकलो होतो. मुक्ताईची वाट महिन्याहून अधिक दिवसांची. ज्येष्ठाच्या आरंभी, पाऊस यायच्या आत निघायचं, तेही जळगाव जिल्ह्यातल्या उन्हात. बुलढाणा, जालना ओलांडून गोदावरी पार करायची, मग बीड. आळंदीची वारी निघते तेव्हा निम्मं शिवार पेरलेलं असतं. इथे पेरणीच्या आधीची काळी रानं, मृगाची वाट पाहणारी गावं आणि पाऊस लांबला तर त्यांची काळजी, हे सगळं पायांखालून जाणार.

माझी आजी खानदेशातली. ती तुळशीची माळ घालायची, पण वारी तिला कधी घडली नाही. घर सोडून महिनाभर बाईला कोण जाऊ देणार? वीणेकरीबुवांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच अर्धवट उत्तर आहे.

मुक्ताईच्या सोहळ्यातल्या एका दिंडीच्या प्रमुखांशी बोललो. घ्यायला ते तयार आहेत. भिशीचे पैसे आधी द्यायचे, पहाटे तीनला उठायचं, आणि मध्येच गाडीत बसायचं नाही. गुडघ्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग आत्तापासून चालायला लागा.” सध्या रोज आठ किलोमीटर चालतो. ज्येष्ठाला अजून सात महिने आहेत.