कोपर चालतं, मग टिकटिक का चालत नाही?

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणारा माणूस म्हणजे सहनशक्तीचं एक कोडंच आहे. ऐन गर्दीत लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. म्हणजे कॅरम बोर्डापेक्षा जराशा मोठ्या जागेत अख्खी क्रिकेट टीम आणि वर तीन-चार राखीव खेळाडू! रेल्वेने या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नावही दिलंय. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची सॅक छातीवर, आणि आपला गृहस्थ एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर निवांत मालिका बघतोय. ठाण्याला लोंढ्याबरोबर बाहेर पडतो, वागळे इस्टेटची शेअर रिक्षा धरतो, एसीत येऊन स्वतःच्या खुर्चीत बसतो. आणि दहा मिनिटांत त्याचं डोकं फिरतं. कशाने? तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी पेनचं बटण टिकटिक करतोय म्हणून.

त्रास मोजायचा झाला तर कोपर मोठं की टिकटिक? मग हा माणूस पेनवरच का भडकतो?

याचं उत्तर शोधताना मला सगळ्यात नवल वाटलं ते डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांचं. १९७२मध्ये ते प्रयोग ‘अर्बन स्ट्रेस’ या पुस्तकात एकत्र आले. लोकांना कामाला बसवून त्यांनी एक गोंगाट ऐकवला. तो कसला होता बघा: दोघं स्पॅनिशमध्ये बोलतायत, एक जण आर्मेनियनमध्ये, जोडीला टाइपरायटर, हिशेबाचं यंत्र आणि सायक्लोस्टाइल मशीन. सगळं एकावर एक चढवलेलं. त्या काळातलं ऑफिसच म्हणा ना! आवाज पार १०८ डेसिबलपर्यंत नेला होता.

गंमत अशी, की गोंगाट चालू असताना लोकांचं काम फारसं बिघडलं नाही. थोड्या वेळात सगळे सरावले. किंमत वसूल झाली ती नंतर, सगळं शांत झाल्यावर. लोकांना न सुटणारी कोडी दिली आणि मुद्रितं तपासायला दिली. ज्यांना गोंगाट ठरावीक वेळाने ऐकवला होता ते कोड्यांशी चिकाटीने झुंजले. ज्यांना तो अवेळी, केव्हाही ऐकवला होता त्यांनी लवकर हात टेकले आणि मुद्रितांत चुकाही जास्त सोडल्या. आवाज किती मोठा होता यापेक्षा तो कधी येईल याचा भरवसा नव्हता, हेच जास्त बाधलं.

आता खरी मजा. काही जणांच्या हाताशी एक बटण दिलं होतं. ‘फारच असह्य झालं तर दाबा, गोंगाट थांबेल, पण दाबलं नाहीत तर बरं,’ असं सांगितलं होतं. ते दाबलं जवळजवळ कुणीच नाही. म्हणजे कानांवर गोंगाट तितकाच पडला. तरीही नंतरच्या कोड्यांत ही मंडळी बिनबटणवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकली. आपण हे थांबवू शकतो, एवढ्या नुसत्या खात्रीने निम्मं ओझं उतरलं.

हे डोक्यात ठेवून पुन्हा लोकलमध्ये चला. तिथे गोंगाट प्रचंड, पण त्याला वेळापत्रक आहे. दिवा कधी येणार, मुंब्र्यानंतर गाडी कशी हलणार, ठाण्याला किती रेटा येणार, सगळं पाठ. भजनी मंडळाच्या डब्यात टाळ कानाशी वाजत असतो आणि बाजूचा माणूस खुशाल मान टाकून झोपलेला असतो, कारण ठेका ठरलेला आहे. (भजनाने वैतागून डबा बदलणारेही आहेत, पण त्यांना निदान डबा तरी बदलता येतो.) शिवाय बरगडीतलं कोपर कुणा एकाचं नसतं, ते गर्दीचं असतं. त्या बापड्यालाही मागून कुणी तरी ढकललेलं असतं. पेनची टिकटिक मात्र अवेळी येते, मध्येच थांबते, आता संपली म्हणेपर्यंत पुन्हा सुरू होते. आणि तिला धनी असतो. त्याला पाच वर्षांच्या मुलासारखं दटावता येत नाही आणि आपली खुर्ची उचलून कोपरीला नेताही येत नाही.

टिकटिकीहून भयंकर प्रकार म्हणजे फोन. शेजारचे सर घरच्यांशी बोलतायत: ‘हं… हं… नाही हो… मग?… काय सांगता!… आणि ती काय म्हणाली?’ हातातली एक्सेल शीट गेली खड्ड्यात! ‘ती’ काय म्हणाली हे कळल्याशिवाय आता आपल्याला चैन नाही. खरं म्हणजे त्या बाईशी आपलं काहीही देणंघेणं नाही. कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना एकाग्रतेचं काम देऊन फोनवरची दोन्ही बाजूंची संभाषणं ऐकवली, तर फरक पडला नाही. एकाच माणसाचं सलग बोलणं ऐकवलं, तरी नाही. फक्त एका बाजूचं, तुटक बोलणं ऐकवल्यावर मात्र काम घसरलं. त्याच आवाजातले शब्द कळू नयेत असे पुसट केले, तर परिणाम नाहीसा झाला. मेंदू सतत पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतो, आणि अर्धंच संभाषण मिळालं की उरलेलं अर्धं तो स्वतः भरत बसतो. तेव्हा ‘तू लक्षच देऊ नकोस ना’ या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. लक्ष आपण देत नाही, ते ओढून नेलं जातं.

खाण्याच्या आवाजाची गोष्ट आणखी खोल आहे. डबा उघडला की कुणाच्या तरी तोंडाची चपचप सुरू होते, आणि काही जणांच्या खरोखर छातीत धडधडायला लागतं. याला मिसोफोनिया म्हणतात. न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांच्या मेंदूचे स्कॅन २०१७मध्ये मांडले. चपचप ऐकताना त्यांच्या मेंदूतला इन्सुला हा भाग इतरांपेक्षा खूपच जास्त पेटलेला दिसला. त्यांचे ठोके वाढत होते, तळव्यांना घाम येत होता. अशा माणसाला ‘नाटकी’ म्हणणं हा अन्याय आहे.

पण मग सवय का होत नाही? देवळाशेजारी राहणाऱ्याला घंटा ऐकू येईनाशी होते, आणि शेजारच्या टेबलावरची खाकर मात्र दरवर्षी जास्तच टोचते. लुइव्हिल विद्यापीठाच्या मायकल कनिंगहॅम यांनी याला ‘सोशल अ‍ॅलर्जी’ म्हटलंय. पहिल्या वेळी क्षुल्लक वाटलेली सवय दर खेपेला थोडी थोडी जास्त बोचत जाते. शेवटी आवाजाचीही गरज उरत नाही; लिफ्टपाशी तो चेक्सचा शर्ट दिसला तरी पुरे. आणि ही अ‍ॅलर्जी बहुधा जवळच्याच माणसाची होते. कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात संशोधक एबेसन आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये रहिवाशांना मित्र आणि नावडती माणसं विचारली होती. मित्र जवळ राहत होतेच, पण नावडती माणसं त्याहूनही जवळ राहत होती. मित्र निवडता येतो; नावडता होण्यासाठी भिंतीला भिंत पुरते. लोकलमध्येही खरी हमरीतुमरी होते ती रोज दार अडवणाऱ्या त्याच ठरलेल्या चेहऱ्यांशी.

अशा वेळी ऑफिसं काय करतात? सगळ्यांना येऊरला नेऊन रस्सीखेच खेळवतात. त्याने पावभाजी पोटात जाते, चपचप थांबत नाही. माझ्या मते कर्मचाऱ्याला गोंगाट थांबवणारं ते बटण मिळालं पाहिजे. कानात हेडफोन घालायची मुभा, फोनवर बोलायला बाहेरचा पॅसेज, महिन्यातून एकदा जागा बदलायची सोय, एवढ्याने भागतं. जागा बदलता येते हे माहीत असलं तर बदलायची वेळही फारशी येत नाही.

अर्थात हे सगळं सवयींबद्दल आहे. कुणी मुद्दाम अपमान करत असेल, अंगचटीला येत असेल, तर तो ‘त्रासदायक सहकारी’ नव्हे, तो छळ आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे, आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात तक्रार समिती असलीच पाहिजे. तिथे समजुतीने घ्यायचं काही कारण नाही.

बाकी पेन, फोन आणि खाकर यांच्यासाठी एकच विनंती: लवकर बोला. अ‍ॅलर्जी शर्टापर्यंत पोचायच्या आत, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच. ‘तुम्ही नेहमीच…’ अशी सुरुवात करू नका. ‘अहो, तो फोन जरा बाहेर घेता का? माझा हिशेब चुकतोय,’ एवढंच म्हणा. आणि लोकलमधून उतरल्या उतरल्या बोलू नका. आधी चहा होऊ द्या, तुमचा आणि त्यांचाही.