फळाला कान लावला तर

वरून निर्मळ दिसणाऱ्या फळात अळी गर खात असते. खाताना गराचे तंतू तुटतात आणि प्रत्येक ‘टक्’ सालीपर्यंत पोहोचतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात ग्रेपफ्रूटमधल्या कॅरिबियन फळमाशीच्या अळ्या अशाच ऐकल्या, फळ न कापता! मात्र भोवती शांतता हवी. अंडी गप्पच असतात, गारठ्यात अळीही मंदावते.

आंब्याच्या कोयीतला भुंगा याहून लबाड. मादी कोवळ्या कैरीच्या सालीत अंडं घालते, जखम भरून येते, खूण उरत नाही. त्यामुळेच २००७पासून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आंब्यांना, निरोगी असले तरी, किमान ४०० ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक) इतकं विकिरण द्यावं लागतं. सुरुवात नाशिकजवळच्या लासलगावला झाली.