पट्टा ताणण्याआधी बूट उघडा

लातूरच्या एमआयडीसीतली डाळमिल असो की नांदेडकडचा सोयाबीन तेलाचा कारखाना, हंगामात मालाची सगळी चढउतार बकेट एलिव्हेटरवर असते. तो थांबला की आवारात गाड्या खोळंबतात. मग घाईघाईत जो उपाय होतो, त्यानेच बहुतेकदा दुखणे वाढते.

‘पट्टा घसरतोय, ताण वाढवा,’ हे पहिले वाक्य. जुना पट्टा सैल पडतो हे खरे. पण कालपर्यंत नीट चाललेला पट्टा आज एकाएकी घसरत असेल तर आधी खालची पेटी, म्हणजे बूट, उघडून पाहा. तिथे माल साचला की बकेटींना ढिगातून वाट काढावी लागते आणि वरची पुली नुसतीच फिरते. त्या पुलीवरचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असू शकते. अशा वेळी बोल्ट आवळले तर पट्टा चालू होतो, पण तो ताण शाफ्ट आणि बेअरिंगवर जातो.

बूट भरतो कशाने? सोयाबीन निघते ऑक्टोबरच्या सुमारास, परतीच्या पावसात. हमीभावाने खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्राला ती १५ टक्क्यांपर्यंत न्यावी लागली, यावरून माल किती ओला येतो ते कळते. ओला माल बकेटीतून पुरता सुटत नाही, थोडा उलटा खाली पडतो. त्यात ‘वेग वाढवला की माल जास्त चढेल’ असे समजून पुली बदलली, तर माल तोंडाशी न पडता पत्र्यावर आदळून परत बुटात येतो. वाढवायचा वेग नसतो, कमी करायची असते ती खालून येणारी आवक.

आडव्या कन्व्हेयरचा पट्टा एका बाजूला सरकला की मिस्त्री शेवटच्या पुलीचा बोल्ट फिरवतात. त्याआधी पट्ट्यावर खडूने खूण करून दोन-चार फेरे बघावेत. पट्ट्याचा तोच भाग सगळीकडे सरकत असेल तर जोड वाकडा आहे. वेगवेगळे भाग एकाच जागी सरकत असतील तर दोष तिथल्या रोलरचा, सांगाड्याचा, नाहीतर माल मधोमध न पडण्याचा. कारण न शोधता बोल्ट फिरवला तर दोष दुसऱ्या जागी दिसू लागतो.

मोटार ट्रिप होते म्हणून ओव्हरलोड रिलेची सेटिंग वाढवणे तर थेट मोटार जाळणे आहे. सेटिंग मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरइतकीच हवी. ग्रीसही ठासून भरू नये. जास्त ग्रीसने बेअरिंग तापते.

तापलेले बेअरिंग इथे साधी गोष्ट नाही. ‘डाळीची, धान्याची धूळ फक्त नाकात जाते’ हा सगळ्यात घातक समज. बंदिस्त जागेत हवेत तरंगणारी ही धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते. अमेरिकेत लुईझियानातल्या वेस्टवेगो इथे २२ डिसेंबर १९७७ रोजी धान्याच्या गोदामात असाच स्फोट होऊन ३६ माणसे गेली. म्हणून झाडलोट देखभालीतच मोडते.

आणि चोक काढताना ‘स्विच बंद केलाय, घाल हात’ असे कुणी म्हटले तर थांबवा. मेन स्विचला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात हवी. तरीही चढत्या बाजूच्या बकेटी भरलेल्या असतील तर त्यांच्या वजनाने पट्टा वीज नसतानाही उलटा फिरतो. तो अडवायला वरच्या शाफ्टवर बॅकस्टॉप असतो; तो पकडतो का, हे सोयाबीन बाजारात येण्याआधी तपासून घ्यावे.