पहिला कॅमेरा: कॅनन १५००डी की २००डी मार्क टू?

पहिला कॅमेरा घेताय? मग मेगापिक्सेलवर अडू नका. या दोन्हींत ते २४.१च आहेत, फोटोत फारसा फरक दिसत नाही. खरा फरक व्हिडिओत. २००डी मार्क टूचा टचस्क्रीन बाहेर वळतो, व्हिडिओत फोकस चेहऱ्यावर टिकतो, बाहेरचा माइक जोडता येतो. १५००डीला माइकची सोयच नाही! मुलाखती, रील करायच्या असतील तर २००डीच घ्या.

नुसते फोटोच काढायचे असतील तर १५००डी बास झाला. वाचलेल्या पैशांत ५० एमएमची एफ/१.८ लेन्स घ्या. सोबतची १८-५५ पूर्ण झूम केली की एफ/५.६वर येते, ५०ची लेन्स तिच्या जवळपास नऊ-दहापट उजेड आत घेते. मंगल कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडात हेच कामाला येतं. ग्रुप फोटोला मात्र १८-५५च लावा, नाहीतर मागं सरकता सरकता भिंतीला टेकाल.