सॅम्पल, लॉट आणि ‘आकाश’
स्वस्त टॅबलेट संगणकाकडून दुकानदाराने काय शिकावे?

कापडाच्या धंद्यात एक जुना नियम आहे. सौदा सॅम्पलवर होतो, पण पारखायचा असतो तो लॉट. सॅम्पलचा तुकडा कोणाचाही चांगलाच असतो. माल इचलकरंजीचा असो, मालेगावचा असो की भिवंडीचा, तागा उघडून पन्ना मोजल्याशिवाय बिल पास करू नये, हे नगरच्या कापड बाजारात नव्या नोकराला पहिल्याच महिन्यात शिकवतात. एका पुरवठादाराने मला ४४ इंचाचे सॅम्पल दाखवले आणि ४२ इंचाचा माल पाठवला होता. तागे मोजले म्हणून ते कळले आणि माल परत गेला.

हाच नियम संगणकाला लावला तर काय दिसते, ते आज पाहू. त्यासाठी ‘आकाश’ हा टॅबलेट संगणक घेतला आहे. तो आता बाजारात मिळत नाही. पण हातात मावणाऱ्या संगणकाचा एवढा गाजावाजा आपल्या देशात क्वचितच झाला असेल. आज दुकानासाठी टॅबलेट घ्यायला निघालेल्या व्यापाऱ्याला आणि कारागिराला त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

टॅबलेट म्हणजे काय?

टॅबलेट म्हणजे पाटीसारखा सपाट संगणक. त्याला वेगळा कीबोर्ड नसतो, माऊस नसतो. पडद्यावर बोट ठेवले की काम होते. परदेशात ॲपल कंपनीने एप्रिल २०१० मध्ये ‘आयपॅड’ विक्रीला काढला. जानेवारी २०११ मध्ये तो भारतात आला, तेव्हा त्याची किंमत २७,९०० रुपयांपासून सुरू होती. लहान दुकानदाराच्या किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती.

आपल्या देशात असा प्रयत्न त्याआधीही झाला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि तेथील तंत्रज्ञांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हा खिशात मावणारा संगणक तयार केला. २००४ मध्ये तो ‘अमिडा’ या नावाने बाजारात आला. भाव दहा हजार रुपयांच्या आसपास होता. कल्पना उत्तम होती, पण खप फारसा झाला नाही.

दिल्लीतील घोषणा

जुलै २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी एका स्वस्त संगणकाचा नमुना दाखवला. तो ३५ डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या सुमारे १,६०० रुपयांना देण्याचा सरकारचा मनोदय होता. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ जाहीर झाला. बनवणारी कंपनी होती डेटाविंड. सुनीत सिंग तुली आणि राजा सिंग तुली या दोन भावांची ही कंपनी कॅनडातील. करार १ लाख नगांचा होता आणि सरकारला एक नग २,२७६ रुपयांना पडणार होता.

आता मालाची पारख करू. पडदा ७ इंची, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, आतली साठवण २ जीबी, ॲण्ड्रॉइड २.२ ही प्रणाली, वाय-फाय आणि दोन यूएसबी जागा. हे आकडे दुकानाच्या भाषेत असे समजावेत. साठवण म्हणजे गोदाम. रॅम म्हणजे गिऱ्हाईकापुढे तागे उलगडण्याची गादी. प्रोसेसर म्हणजे माल काढून देणारा नोकर. गोदाम वेगळे कार्ड घालून वाढवता येत होते. पण गादी अरुंद होती आणि नोकर सावकाश चालणारा होता. मग गिऱ्हाईक ताटकळणारच.

पडद्याचाही प्रश्न होता. तो दाबाचा पडदा होता. त्यात दोन पातळ थर असतात आणि वरचा थर दाबून खालच्याला टेकवला की यंत्राला स्पर्श कळतो. हा प्रकार स्वस्त पडतो, पण बोट जोराने दाबावे लागते. आजच्या पडद्यांना नुसते बोट लागले तरी पुरते, कारण ते बोटातून होणारा विजेचा सूक्ष्म फरक ओळखतात. शिवाय त्या वेळच्या ॲण्ड्रॉइडमध्ये देवनागरी अक्षरे नीट जुळत नसत. कुठे जोडाक्षर फुटे, कुठे अक्षराऐवजी नुसता चौकोन दिसे. ज्याला मराठीत किंवा उर्दूत वाचायचे आहे, त्याच्यासाठी हा पन्ना कमीच होता.

याचे कारण आपल्या लोकांना लगेच समजेल. येथे भाव आधी ठरला आणि माल नंतर विणायला घेतला. भाव बांधून दिला की विणकर ताण्या-बाण्यात कपात करतो. कापड दिसायला तेच असते, पण दोन धुण्यांत त्याचा जीव जातो. यात विणकराचीच चूक असते असे नाही. जेवढा भाव, तेवढे सूत.

लॉटचे काय झाले?

जाहीर झालेला माल गिऱ्हाईकापर्यंत वेळेवर पोहोचला नाही. खरेदी आणि तपासणीचे काम राजस्थानच्या आयआयटीकडे होते. यंत्र पावसात आणि खाली पडल्यावर टिकले पाहिजे, यासाठी किती कडक चाचण्या घ्यायच्या, यावर संस्था आणि कंपनी यांच्यात वाद झाला. सॅम्पल पास करताना कसोटी कोणती, हे दोन्ही बाजूंनी सारखे समजून घेतले नाही की असेच होते. शेवटी १ लाखापैकी थोडाच माल पोहोचला आणि २०१२ मध्ये हे काम मुंबईच्या आयआयटीकडे, म्हणजे पवईला आले.

दरम्यान कंपनीने खुल्या बाजारासाठी ‘युबिस्लेट’ नावाने थोडा सुधारलेला माल २,९९९ रुपयांना जाहीर केला. मोबाईलचे सिम चालणे हा त्यातला महत्त्वाचा फरक होता. कंपनीची खरी कारागिरीही येथेच होती. इंटरनेटची पाने तिच्या मोठ्या संगणकांवर आधी आक्रसून घेतली जात आणि मग पाठवली जात. त्यामुळे मंद मोबाईल जाळ्यावरही पाने उघडत. ज्या गावांत तेव्हा वेगवान इंटरनेट नव्हते, तेथे हे कामाचे होते. पडद्याचा स्पर्शाचा भागही कंपनी माँट्रियलमधील स्वतःच्या कारखान्यात बनवत असे, म्हणून तेवढा खर्च वाचे. यंत्रावर नफा थोडा ठेवायचा आणि जाहिराती व सेवांवर कमवायचे, असा तिचा हिशेब होता. साडी खरेदी भावात द्यायची आणि ब्लाऊजपीस व अस्तरात कमवायचे, तसाच हा प्रकार.

मागणी प्रचंड आली. काही आठवड्यांतच १४ लाख नगांची नोंदणी झाल्याचे कंपनीने सांगितले. पण मागणी नोंदवणे वेगळे आणि माल देणे वेगळे. आगाऊ पैसे भरूनही महिनोन् महिने यंत्र मिळाले नाही, अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या. सणाच्या तोंडावर पुरवठ्याची सोय न पाहता ऑर्डर घेणाऱ्या व्यापाऱ्याची जी अवस्था होते, तीच येथे झाली.

‘आकाश-२’ आणि नगरचा धागा

‘आकाश-२’ हा सुधारलेला टॅबलेट ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दिल्लीत जाहीर झाला. ११ नोव्हेंबर हा देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस. २००८ पासून तो राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. मौलाना आझाद १९४२ ते १९४५ या काळात आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते आणि ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक ज्या पत्रांचे झाले, ती त्यांनी येथेच लिहिली. २०२४ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. किल्ला मात्र तेथेच उभा आहे. विद्यार्थ्यांच्या या यंत्रासाठी तो दिवस निवडला गेला, ही नगरकरांना आठवणीत ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

या दुसऱ्या मालात प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, म्हणजे आधीच्या अडीच पटींहून वेगवान होता. रॅम दुप्पट म्हणजे ५१२ एमबी, साठवण ४ जीबी, प्रणाली ॲण्ड्रॉइड ४.०, पुढे लहान कॅमेरा आणि पडदा हलक्या स्पर्शाचा. सरकारला किंमत २,२६३ रुपये पडत होती आणि विद्यार्थ्याला तो १,१३० रुपयांना देण्याचे ठरले होते. जवळपास त्याच भावात वर्षभराने एवढा चांगला माल मिळाला, कारण जगभर सुट्या भागांचे दर उतरले होते. पहिल्या खेपेचे सुटे संच चीनमधून आल्यावरून त्या वेळी मोठी चर्चा झाली. व्यापाऱ्याला त्यात नवल वाटू नये. सूत एका गावचे, रंगाई दुसरीकडे आणि शिक्का तिसऱ्याच पेढीचा, हे आपण रोजच पाहतो.

रोजकीर्द आणि खतावणी पाटीवर

पवईचे प्राध्यापक दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रापेक्षा त्यावरच्या कामाकडे अधिक लक्ष दिले. प्रोग्रॅमिंग शिकण्याची साधने ‘आकाश’वर बसवली गेली. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ‘आकाश बिझनेस टूल’ नावाचे हिशेबाचे साधनही तयार झाले. ते ‘जीएनयूखाता’ या मोफत प्रणालीवर आधारलेले होते. नावे आणि जमा या दोन्ही बाजू त्यात पडत, रोजकीर्दीतून खतावणी होई आणि ताळेबंद निघे. २०१२-१३ च्या सुमारास दोन-सव्वादोन हजारांच्या यंत्रावर पेढीचे पूर्ण हिशेब ठेवता येतील, ही सोय लहान दुकानदाराला होऊ शकली असती. पण गाजावाजा यंत्राच्या किमतीचाच झाला आणि दुकानदारापर्यंत ही माहिती फारशी गेलीच नाही.

ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. आपल्यातील कित्येक दुकानदार आणि कारागीर उधारी डोक्यात ठेवतात. फार तर डायरीत दोन अक्षरे लिहितात, तीही फक्त त्यांनाच वाचता येतात. असा माणूस अचानक आजारी पडला किंवा अल्लाला प्यारा झाला, तर कोणाकडे किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. देणेकरी दारात येतात, येणेकरी तोंड चुकवतात आणि बायकामुलांच्या हाती काहीच राहत नाही. साधा हिशेब नीट लिहिलेला असता तर घर तरले असते, अशी उदाहरणे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

‘आकाश’ची सरकारी योजना ३१ मार्च २०१५ रोजी बंद झाली. तोवर अधिक चांगले टॅबलेट आणि मोठ्या पडद्याचे मोबाईल खुल्या बाजारात आले होते.

आज टॅबलेट घ्यायचा तर

२०१६ मध्ये यूपीआय आले, जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. आता बिल, साठा आणि येणे-देणे लिहून ठेवल्याशिवाय धंदा चालत नाही. दुकानात टॅबलेट घेताना ‘आकाश’च्या अनुभवावरून पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. काम आधी ठरवा, भाव नंतर विचारा. शिंप्याला आणि जरीकाम करणाऱ्याला नमुन्यांची छायाचित्रे दाखवायची असतात, त्याला पडदा आणि कॅमेरा चांगला हवा. घाऊक व्यापाऱ्याला हिशेब आणि साठा ठेवायचा असतो, त्याला रॅम अधिक हवी. नुसते पैसे जमा झाल्याचे पाहायचे असेल, तर हातातला मोबाईल पुरतो.

२. खोक्यावरची जाहिरात हे सॅम्पल आहे. यंत्र चालू करून पंधरा मिनिटे हाताळा. बिल तयार करून पाहा, छायाचित्रे उघडा, एकाच वेळी दोन-तीन कामे करा. गादी किती रुंद आहे ते लगेच कळेल.

३. मराठी आणि उर्दू दोन्ही लिहून पाहा. गुगलने २०१४ मध्ये नस्तालीक वळणाचा उर्दू फॉन्ट मोफत दिला, त्यामुळे उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसालाही आता अडचण राहिलेली नाही. ज्या भाषेत आपण विचार करतो, त्याच भाषेत वही असावी.

४. दुरुस्ती कोठे होते ते विचारा. पडदा फुटला आणि यंत्र पुण्याला पाठवावे लागले, तर तितके दिवस तुमची वही पुण्यात राहील. आपल्या शहरात सुटा भाग मिळणारे यंत्र चार पैसे महाग पडले तरी परवडते.

५. हिशेबाची दुसरी प्रत ठेवा. आठवड्यातून एकदा ती वेगळ्या कार्डावर किंवा मुलाच्या संगणकावर उतरवा. यंत्र चोरीला गेले तरी उधारी चोरीला जाऊ नये.

६. घरातील आणखी एका माणसाला ते चालवता आले पाहिजे. मुलगा, मुलगी किंवा बेगम, कोणीही चालेल. शिकण्यासाठी मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीतही मोफत आहेत. हिशेबाचे तक्ते कसे करावेत, हे त्यातून पडद्यावर पाहत शिकता येते.

व्यापारी बंधूंनो, ‘आकाश’ फसला असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण स्वस्त यंत्राची गरज खरी होती, म्हणूनच लाखो लोकांनी नोंदणी केली होती. माल कमी पडला, वेळ चुकली, आणि जे सर्वांत कामाचे होते ते हिशेबाचे साधन मागेच राहिले. आज यंत्र आपल्या आवाक्यात आहे. ते दुकानात शोभेला ठेवायचे की रोज संध्याकाळी गल्ला मोजल्यावर त्यात चार ओळी लिहायच्या, हे आपल्या हातात आहे. सुरुवात उधारीच्या यादीपासून करा. एवढी एक यादी नीट झाली, तरी यंत्राचे पैसे वसूल झाले असे समजा.